नोंदवहीतील रकाना आणि माणसाची ओळख
डॉ. मायकेल डिलन यांचे जीवन व लेखन

मनुष्य जन्माला आला की त्याच्याविषयीची पहिली नोंद जन्माच्या नोंदवहीत होते. बालकाचे नाव पुष्कळदा मागाहून ठरते. परंतु मुलगा की मुलगी हा रकाना मात्र त्याच वेळी भरला जातो. पुढे शाळेचा दाखला, शिधापत्रिका, मतदारयादी, नोकरीतील सेवापुस्तक अशा सर्व कागदांवर तीच नोंद उतरत जाते. बहुसंख्य माणसांना आयुष्यभरात या रकान्याचा एकदाही विचार करावा लागत नाही. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र देह पाहून केलेली ही नोंद आणि त्यांना स्वतःविषयी अंतर्यामी वाटणारी खात्री यांचा मेळ बसत नाही. अशा व्यक्तींना मराठीत आता पारलिंगी असे म्हटले जाते. तृतीयपंथी हा त्याहून जुना व अधिक रूढ शब्द होय.

या विषयाची शास्त्रीय व नैतिक मांडणी करणारे एक छोटे पुस्तक १९४६ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे कर्ते लॉरेन्स मायकेल डिलन हे स्वतः पारलिंगी होते. परंतु पुस्तकात त्यांनी तसे कोठेही म्हटलेले नाही. पुढे ते डॉक्टर झाले, जहाजावर वैद्यकीय अधिकारी म्हणून जगभर हिंडले आणि अखेरीस बौद्ध श्रामणेर म्हणून भारतात राहिले. त्यांचा अंतही भारतातच झाला. जन्माची नोंद, महाविद्यालयाचे दफ्तर, रुग्णालयातील टिपण, घराण्याची वंशावळ अशा निरनिराळ्या नोंदींनी या माणसाच्या आयुष्याला पुनःपुन्हा वळण दिले. कोणी त्या नोंदी विवेकाने हाताळल्या, तर कोणी त्यांचा बाजार मांडला. दोहोंचे परिणाम काय झाले, हे नोंदी ठेवणाऱ्या आणि मुले शिकविणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे.

देह, संप्रेरके आणि लिंगभाव

डिलन यांचे चरित्र समजण्यासाठी तीन गोष्टी निरनिराळ्या करून पाहणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट शरीराची. गुणसूत्रे, जननेंद्रिये आणि अंतःस्रावी ग्रंथींतून रक्तात मिसळणारी संप्रेरके यांच्यावरून शरीर पुरुषाचे की स्त्रीचे हे ठरविले जाते. काही बालकांच्या शरीरात जन्मतःच दोहोंची मिश्र लक्षणे आढळतात. दुसरी गोष्ट लिंगभावाची, म्हणजे आपण पुरुष आहोत की स्त्री, की या दोहोंत न बसणारे, याविषयी व्यक्तीला स्वतःला असलेल्या जाणिवेची. तिसरी गोष्ट म्हणजे व्यक्तीला कोणाविषयी आकर्षण वाटते ही. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध येतो. परंतु त्या एकच नव्हेत. पारलिंगी व्यक्तीचा प्रश्न प्रामुख्याने दुसऱ्या गोष्टीशी निगडित आहे. शरीरात कोणताही दोष नसताना, आणि बुद्धी शाबूत असताना, देहावरून ठरविलेली ओळख आपली नव्हे अशी जाणीव तिला असते.

ही जाणीव म्हणजे मनोविकार होय, अशी वैद्यकशास्त्राची समजूत दीर्घकाळ होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ साली स्वीकारण्यात आली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात या अवस्थेला मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळून लैंगिक आरोग्यविषयक प्रकरणात स्थान देण्यात आले. डिलन यांनी हाच विचार सुमारे पाऊणशे वर्षे आधी मांडला होता.

संप्रेरकांचे शास्त्र तेव्हा नवे होते. 'हॉर्मोन' हा शब्दच १९०५ साली प्रचारात आला. पुरुषी लक्षणे निर्माण करणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५ साली प्रयोगशाळेत तयार करता आले आणि त्या संशोधनाशी संबंधित असलेले बुटेनान्ट व रुझिच्का हे दोघे शास्त्रज्ञ १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. हे संप्रेरक नियमितपणे घेतल्यास आवाज जाड होतो, दाढीमिशा फुटतात, स्नायू बळकट होतात व मासिक पाळी थांबते. यांपैकी काही बदल कायमचे असतात. म्हणूनच हा उपचार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो.

बालपण आणि ऑक्सफर्ड

डिलन यांचा जन्म १ मे १९१५ रोजी लंडन येथे झाला. जन्माच्या वेळी त्यांची नोंद मुलगी म्हणून झाली व तसेच नाव ठेवण्यात आले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई वारली. वडिलांनी या बालकाला आणि त्याच्या थोरल्या भावाला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील फोकस्टन गावी आपल्या बहिणींकडे ठेवले. घराणे मूळचे आयर्लंडमधील, सरदारी परंपरेचे. 'बॅरोनेट' हा वंशपरंपरागत किताब त्या घरात होता. हा किताब फक्त पुरुष वारसाकडे जाई. ही बाब त्या वेळी किरकोळ वाटली तरी पुढे तीच डिलन यांच्या आयुष्यात निर्णायक ठरली.

आत्यांची शिस्त कडक होती आणि घरचे वातावरण धार्मिक होते. डिलन ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले, तेथे आरंभी धर्मशास्त्र व नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन त्यांनी १९३८ साली पदवी संपादन केली. नौकानयनात ते निपुण होते. विद्यार्थिनींच्या नौकानयन मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते आणि पुरुष खेळाडूंप्रमाणे खरी चुरशीची शर्यत या मंडळालाही खेळता यावी, असा त्यांचा आग्रह होता. आखूड केस आणि खेळाडूचा वेष यांमुळे एका वृत्तपत्राने त्यांचे छायाचित्र उपहासाच्या सुरात छापले. स्वतःविषयी आतून वाटणारी गोष्ट काय आहे, तिला नाव काय, ती आणखी कोणाला वाटते काय, याचे उत्तर देणारे पुस्तक मात्र त्यांच्या हाती पडण्यासारखे नव्हते.

याला कारणही तसेच होते. या विषयाचा सखोल अभ्यास करणारी संस्था डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली बर्लिन येथे स्थापन केली होती. मे १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि तिच्या ग्रंथालयातील पुस्तके भर चौकात जाळली. इंग्लंडमध्ये तर लैंगिक विषयावरील साधे लेखनही संशयाने पाहिले जाई. याच काळात मुंबईत प्रा. र. धों. कर्वे हे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक आरोग्याचे ज्ञान मराठी वाचकांना देत होते आणि त्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागत होती. त्यावरून त्या काळाचा अंदाज यावा.

ब्रिस्टलमधील वर्षे

पदवीनंतर डिलन एका प्रयोगशाळेत नोकरीस लागले. १९३९ साली त्यांना ब्रिस्टल येथील डॉ. जॉर्ज फॉस यांच्याविषयी कळले. डॉ. फॉस हे स्त्रियांच्या अतिरक्तस्रावावर टेस्टोस्टेरॉनचा प्रयोग करीत होते. डिलन यांनी त्यांना आपली सारी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका मानसोपचारतज्ज्ञाची भेट घेण्यास सांगितले. त्या तज्ज्ञाकडून ही हकीकत बाहेर फुटली. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट नोकरीच्या ठिकाणी चर्चेचा विषय झाली आणि डिलन यांना ती नोकरी सोडावी लागली.

ते ब्रिस्टलला आले व एका मोटार गॅरेजमध्ये कामाला लागले. पदवीधर माणूस पेट्रोल भरणे व बंद पडलेल्या गाड्या ओढून आणणे ही कामे करू लागला. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. जर्मन विमाने ब्रिस्टलवर बॉम्ब टाकीत असता रात्री आगीवर नजर ठेवण्याचे कामही त्यांच्याकडे होते. संप्रेरकाचा परिणाम दिसू लागला, आवाज बदलला, दाढी येऊ लागली. तेव्हा गॅरेजच्या व्यवस्थापकाने गिऱ्हाइकांचा घोटाळा होऊ नये म्हणून इतर कामगारांना सांगितले की, यापुढे डिलन यांचा उल्लेख पुरुष म्हणूनच करावयाचा. या माणसाने कोणताही ग्रंथ वाचला नव्हता किंवा तत्त्वचर्चा केली नव्हती. समोर जे दिसत होते त्याला अनुसरून त्याने एक साधा व्यवहार्य निर्णय घेतला. उच्चशिक्षित तज्ज्ञाने जे बिघडविले होते, ते त्यामुळे काही अंशी सावरले.

याच काळात रक्तातील साखर कमी होण्याच्या विकाराने डिलन यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथे एका प्लॅस्टिक सर्जनची गाठ पडली. त्यांनी १९४२ मध्ये छातीची शस्त्रक्रिया केली, जन्माची नोंद बदलून घेण्याचा सल्ला दिला आणि सर हॅरॉल्ड गिलिज यांचे नाव सुचविले. १९४४ साली डिलन यांच्या जन्माच्या नोंदीत दुरुस्ती होऊन 'लॉरेन्स मायकेल' हे नाव व पुरुष अशी नोंद झाली.

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घ्यावयाचा तर जुन्या पदवीचा दाखला हवा होता. आणि तो होता मुलींच्या महाविद्यालयाचा. तो पुढे करताच सर्व गुपित उघड झाले असते. ऑक्सफर्डमधील एका जुन्या अध्यापकांनी ही अडचण ओळखली. त्यांच्या खटपटीमुळे विद्यापीठाच्या कुलसचिवांनी कागदोपत्री महाविद्यालयाचे नाव बदलून दिले. पदवी तीच राहिली, गुण तेच राहिले. फक्त ज्या एका शब्दामुळे माणसाचे पुढील शिक्षण अडले असते तो शब्द बदलला. १९४५ मध्ये डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले.

'सेल्फ' : एक छोटा पण महत्त्वाचा ग्रंथ

गॅरेजमधील दिवसांत लिहिलेले त्यांचे पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. 'सेल्फ', म्हणजे स्वत्व, असे त्याचे नाव. नीतिशास्त्र व अंतःस्रावशास्त्र यांचा अभ्यास असे त्याचे उपशीर्षक. एका बाजूस ग्रंथी व संप्रेरके आणि दुसऱ्या बाजूस नीती व इच्छास्वातंत्र्य, अशी ही सांगड तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसालाच सुचण्यासारखी होती.

पुस्तकाचा पूर्वार्ध माहितीपर आहे. पुरुषाच्या व स्त्रीच्या शरीरात दोन्ही प्रकारची संप्रेरके असतात, त्यांचे प्रमाण व्यक्तीगणिक निराळे असते, आणि म्हणून स्त्री व पुरुष यांच्यामध्ये जी भिंत आहे असे आपण धरून चालतो ती वाटते तितकी अभेद्य नाही, हे त्यात समजावून सांगितले आहे. त्यानंतर लेखक मूळ प्रश्नाकडे वळतो. समलिंगी आकर्षण असणारी व्यक्ती आणि स्वतःची ओळखच निराळी असल्याची खात्री असणारी व्यक्ती यांत तो स्पष्ट फरक करतो. दुसऱ्या प्रकारच्या व्यक्तीचे मन उपदेशाने अथवा मानसोपचाराने बदलत नाही. तेव्हा मनाला देहाच्या मापात बसविण्याचा अट्टहास सोडून, जेथे शक्य असेल तेथे देहाला मनाशी जुळवून घ्यावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. आपण कोण आहोत हे ठरविण्याचा अधिकार शेवटी त्या व्यक्तीचाच, डॉक्टरने आपल्या ज्ञानाने तिला साहाय्य करावे, असे तो आग्रहाने मांडतो.

पुस्तकास उणिवाही आहेत. स्त्रियांच्या स्वभावाविषयीची त्यातील काही विधाने त्या काळच्या पूर्वग्रहांतून सुटलेली नाहीत. तरीही इंग्रजीत या विषयावर अशा सहानुभूतीने व शास्त्रीय आधाराने लिहिणारे त्या वेळी फारसे कोणी नव्हते. डॉ. हॅरी बेंजामिन यांचा या विषयावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १९६६ मध्ये, म्हणजे त्यानंतर वीस वर्षांनी आला.

'सेल्फ'ची फारशी चर्चा झाली नाही. परंतु ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले होते त्यांच्यापैकी काहींच्या हाती ते पडले. रॉबर्टा कॉवेल ही अशीच एक वाचक. युद्धात लढाऊ विमान चालविलेली, मोटारशर्यतीत भाग घेतलेली ही व्यक्ती पुरुष म्हणून नोंदली गेली होती. पण ती स्वतःला स्त्री मानीत होती. पुस्तक वाचून तिने लेखकाची गाठ घेतली. तिच्या उपचारांतील एक शस्त्रक्रिया तत्कालीन इंग्लंडच्या कायद्यात बसत नव्हती, म्हणून कोणी डॉक्टर ती करण्यास धजेना. डिलन तेव्हा अद्याप डॉक्टर झालेले नव्हते; त्यांनी ती गुप्तपणे केली. हे कृत्य धोक्याचे व कायद्याविरुद्ध होते यात शंका नाही. कायदेशीर उपचारांचा मार्ग बंद असला की माणसे जीव धोक्यात घालतात, हेच यातून दिसून येते. पुढे १९५१ मध्ये सर हॅरॉल्ड गिलिज यांनी कॉवेल यांच्यावर शस्त्रक्रिया केली. डिलन यांनी त्यांना विवाहाविषयी विचारले होते. परंतु त्यांनी नकार दिला.

तेरा शस्त्रक्रिया

सर हॅरॉल्ड गिलिज हे आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीचे एक जनक मानले जातात. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी चेहरे विद्रूप झालेल्या सैनिकांवर त्यांनी उपचार केले. रुग्णाच्याच शरीरावरील त्वचेचा पट्टा नळीसारखा वळवून, एका टोकाकडून त्याचा रक्तपुरवठा चालू ठेवून, तो दुसऱ्या जागी रुजविण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. डिलन यांच्यावर त्यांनी याच पद्धतीचा अवलंब केला. १९४६ ते १९४९ या काळात बेसिंगस्टोकजवळील रूक्सडाउन हाउस येथे किमान तेरा शस्त्रक्रिया झाल्या. स्त्री म्हणून नोंदल्या गेलेल्या व्यक्तीवर पुरुषाच्या इंद्रियाची रचना करणारी अशी शस्त्रक्रिया प्रथमच झाली, असे मानले जाते.

या शस्त्रक्रिया महाविद्यालयाच्या सुट्यांत होत. जखमा चिघळत, चालताना त्रास होई; सहाध्यायांना डिलन युद्धात दुखापत झाल्याचे सांगत. गिलिज यांनी रुग्णालयाच्या कागदांवर मूत्रमार्गाचा जन्मजात दोष असे निदान लिहून ठेवले, जेणेकरून कारकुनापासून परिचारिकेपर्यंत कोणाच्याही नजरेस खरे कारण येऊ नये. रुग्णाचे गुपित राखणे हा उपचाराचाच भाग आहे, असे ते मानीत. १९५१ मध्ये डिलन वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडले. काही काळ आयर्लंडमध्ये काम करून १९५२ पासून त्यांनी व्यापारी जहाजांवर डॉक्टर म्हणून नोकरी धरली. सहा वर्षे ती सुरळीत चालली.

दोन वंशावळी, एक तफावत

इंग्लंडमधील सरदार घराण्यांची माहिती देणारे दोन संदर्भग्रंथ सुप्रसिद्ध आहेत : डेब्रेट व बर्क. डिलन यांनी डेब्रेटच्या संपादकांना आपली दुरुस्त नोंद कळविली आणि त्यांनी ती स्वीकारून डिलन यांना बंधूंच्या किताबाचा वारस म्हणून दाखविले. बर्कच्या ग्रंथात मात्र जुनेच नाव, बहीण म्हणून, तसेच राहिले. १९५८ साली ही तफावत कोणाच्या तरी लक्षात आली आणि वृत्तपत्रांना खाद्य मिळाले. डिलन यांचे जहाज तेव्हा अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात होते. किताबावर हक्क सांगणार काय, अशी विचारणा करणारी तार त्यांना जहाजावर मिळाली. पाठोपाठ वार्ताहर येऊन थडकले. मे १९५८ मध्ये लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने ही हकीकत छापली आणि ती देशोदेशी पसरली.

डिलन यांनी कोणाची फसवणूक केली नव्हती, कोणाचे धन घेतले नव्हते. त्यांनी किताबही मागितला नव्हता. एकोणीस वर्षे कष्टाने जपलेले खासगी जीवन मात्र एका सकाळी चव्हाट्यावर आले. जहाजावर पूर्वीप्रमाणे राहणे त्यांना अशक्य वाटले. त्यांनी नोकरी सोडली आणि ते भारताकडे निघाले.

भारतातील चार वर्षे

तत्त्वज्ञानाची व अध्यात्माची ओढ त्यांना पूर्वीपासून होती. कालिम्पाँग येथे संघरक्षित नावाचे इंग्रज बौद्ध भिक्षू विहार चालवीत असत. डिलन त्यांच्याकडे येऊन राहिले. हे संघरक्षित महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याशी त्यांचा परिचय होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली त्या दिवशी ते नागपुरात होते आणि शोकाकुल जनसमुदायास त्यांनी धीर दिला होता. पुढील काळातही महाराष्ट्रातील नवदीक्षित बौद्धांमध्ये त्यांनी कार्य केले.

डिलन यांनी बुद्धकालीन विख्यात वैद्य जीवक यांचे नाव धारण केले. डॉक्टरने वैद्याचे नाव घ्यावे हे समर्पकच होते. ते सारनाथला गेले, तेथे अध्ययन व लेखन करू लागले. बौद्ध धर्मावरील त्यांची 'प्रॅक्टिसिंग द धम्मपद' (१९५९) व 'ग्रोइंग अप इन्टू बुद्धिझम' (१९६०) ही पुस्तके याच काळातील होत. त्यांना भिक्षूची पूर्ण दीक्षा घ्यावयाची होती. परंतु विनयपिटकातील प्राचीन नियमांत कोणास दीक्षा देऊ नये याची जी यादी आहे, तिचा आधार घेऊन हरकत घेण्यात आली. संघरक्षितांपाशी विश्वासाने सांगितलेली आपली पूर्वकथा आपल्या आड आली, याचे डिलन यांना फार दुःख झाले. ज्या नोंदीपासून दूर जाण्यासाठी ते सातासमुद्रापार आले होते, ती येथेही त्यांच्या मागे आली.

तरीही त्यांनी मार्ग सोडला नाही. तिबेटी परंपरेत श्रामणेराची दीक्षा घेऊन ते लोबझांग जीवक झाले आणि १९६० मध्ये लडाखमधील रिझोंग मठात राहिले. मठात ज्येष्ठता वयावर नव्हे, तर दीक्षेवर ठरते. त्यामुळे चाळिशी उलटलेला हा ऑक्सफर्डचा पदवीधर डॉक्टर कोवळ्या मुलांच्या पंक्तीत सर्वांत खाली बसे व स्वयंपाकघरातील कामे करी. भाषा येत नव्हती, थंडी कडाक्याची होती, अन्न साधे होते. पण येथे कोणी त्यांची पूर्वपीठिका विचारीत नव्हते. या मुक्कामाचे वर्णन त्यांनी 'इम्जी गेत्सुल' या पुस्तकात केले आहे. इंग्रज श्रामणेर असा या शब्दांचा अर्थ आहे. सीमाभागातील वास्तव्याची परवानगी मर्यादित असल्याने त्यांना लडाख सोडावे लागले. पुन्हा जाण्याची त्यांची उत्कट इच्छा होती. ती पुरी झाली नाही. तिबेटी संतकवी मिलारेपा यांच्या चरित्राची संक्षिप्त इंग्रजी आवृत्तीही त्यांनी सिद्ध केली. ही दोन्ही पुस्तके १९६२ मध्ये निघाली.

अपुरा आहार व हलाखी यांमुळे प्रकृती खालावली होती. १५ मे १९६२ रोजी, त्या वेळी पंजाबात असलेल्या व आता हिमाचल प्रदेशात मोडणाऱ्या डलहौसी येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते.

हस्तलिखित वाचले

मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी त्यांनी आपल्या आत्मचरित्राचे हस्तलिखित लंडनमधील आपल्या ग्रंथविषयक प्रतिनिधीकडे पाठविले होते. 'सेल्फ'मध्ये ज्या लेखकाने स्वतःविषयी मौन पाळले होते, त्याने येथे आपली संपूर्ण कथा स्वतःच्या शब्दांत लिहिली होती. वृत्तपत्रांनी सांगितलेली कथा हीच शेवटची ठरू नये, हा त्यामागील हेतू होता. बंधूंना हे लेखन नष्ट व्हावे असे वाटत होते. प्रतिनिधीने ते जपून ठेवले. १९८९ मध्ये एका चरित्रकर्त्रीने त्याचा उपयोग करून डिलन यांचे चरित्र लिहिले, आणि मूळ आत्मचरित्र 'आउट ऑफ द ऑर्डिनरी' या नावाने अमेरिकेतील फोर्डहॅम विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०१६ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर चौपन्न वर्षांनी प्रसिद्ध केले. आज वैद्यकशास्त्र, कायदा व धर्म या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यासक त्याचा आधार घेतात.

प्रशासन, शाळा आणि पंचायत

डिलन यांची अडचण ज्या देशात निर्माण झाली तेथे लिंगओळखीच्या कायदेशीर मान्यतेसाठी स्वतंत्र कायदा होण्यास २००४ साल उजाडावे लागले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात व्यक्तीला आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य करण्यात आला, आणि अशा मान्यतेसाठी शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदेशीर असल्याचे म्हटले गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला. २०१९ साली संसदेने पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला व २०२० मध्ये त्याखालील नियम झाले. कायदा व नियम यांत बदल होत असतात. म्हणून प्रत्यक्ष कार्यवाहीपूर्वी अद्ययावत तरतुदी पाहून घेणे श्रेयस्कर ठरेल.

हा प्रश्न दूरच्या शहरांपुरता मर्यादित नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष यांखेरीज 'इतर' या सदरात देशात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका पारलिंगी उमेदवाराने स्त्री म्हणून अर्ज भरला असता तो अमान्य झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये स्त्री प्रवर्गातून निवडणूक लढविण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात गावाच्या मतदारांनी त्या उमेदवारास निवडून दिले. रकान्याचा वाद न्यायालयात सुटला, परंतु विश्वास टाकण्याचे काम गावकऱ्यांनी केले.

शिक्षकांची जबाबदारी याहून नाजूक आहे. वयात येणाऱ्या मुलामुलींना ग्रंथी व संप्रेरके यांची माहिती वर्गात स्वच्छ शब्दांत मिळाली, तर चालण्या-बोलण्यावरून एखाद्याला चिडविणे ही गंमत नव्हे, हेही त्यांना उमगेल. एखाद्या विद्यार्थ्याने मन मोकळे केल्यास ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीतील गप्पांचा विषय होता कामा नये. एका तज्ज्ञाच्या सैल जिभेमुळे डिलन यांची पहिली नोकरी गेली, हे येथे आठवावे. विद्यार्थ्यास साहाय्याची गरज असेल तर त्याच्या संमतीने जिल्हा रुग्णालयातील योग्य डॉक्टरांकडे त्याला पाठवावे.

अधिकारी व कर्मचारी यांच्यासमोर नाव किंवा लिंग यांच्या दुरुस्तीचा अर्ज येतो तेव्हा तो बहुधा एका कार्यालयापुरता नसतो. एका दप्तरात दुरुस्ती झाली व दुसऱ्यात जुनी नोंद राहिली, तर तीच तफावत पुढे त्या व्यक्तीच्या शिष्यवृत्तीस, बँकेतील खात्यास वा निवृत्तिवेतनास आडवी येते. डेब्रेट व बर्क यांच्यातील एका फरकाने काय घडविले ते वर आलेच आहे. म्हणून दुरुस्ती सर्व संबंधित दप्तरांत एकाच वेळी व्हावी, अर्जदारास चारचौघांत प्रश्न विचारले जाऊ नयेत, आणि जुन्या नोंदीची फाइल अधिकृत व्यक्तीखेरीज कोणाच्या हाती पडू नये, एवढी दक्षता प्रत्येक कार्यालयास घेता येण्यासारखी आहे. ऑक्सफर्डच्या कुलसचिवांनी कागदावरील एक शब्द बदलून दिला, तेव्हा एका डॉक्टरचे शिक्षण पुरे झाले. तसा निर्णय घेण्याची वेळ तालुक्याच्या कार्यालयातील लिपिकावर, शाळेच्या मुख्याध्यापकावर आणि ग्रामसेवकावरही येऊ शकते.